दोऱ्याच्या आतली ज्वारी

पोरांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका मचाणावर चढा. चार मेढी रोवलेल्या, त्यांच्यावर आडव्या फांद्या, फांद्यांवर कडबा अंथरलेला आणि डोक्यावर कडब्याचंच छोटंसं छप्पर. खाली चहूकडे पिकलेली ज्वारी. कणसं बरोबर मचाणाच्या उंचीला आलेली, म्हणजे पालथं पडलं की कणीस नाकासमोर. तुमचं काम काय, तर पाखरं राखायची. पाखरू आलं की उठायचं, हात हलवायचे, "हाऽऽ हुर्रऽऽ" करून ओरडायचं. ते तर तुम्हाला झोपेतही जमेल. आता असं धरा, की पाखरं आली आहेत, नाकासमोरच्या कणसावर बसून दाणे टिपत आहेत आणि तुम्ही ओरडायचं नाही. उठायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. किती वेळ? ते कुणालाच माहीत नाही.

सिंधु नावाच्या एका मुलीवर अशी वेळ आली होती. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

आपल्या भागात तेव्हा निजामाचं राज्य होतं. त्याची शेवटची काही वर्षं चालली होती, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. दूर कुठेतरी मोठी लढाई चालू होती आणि त्यामुळे सरकारला धान्य हवं होतं. हुकूम असा होता, की आधी गिरदावर साहेब, म्हणजे पटवाऱ्यांवरचे महसुलाचे अधिकारी, येऊन उभं पीक बघतील, कुणी किती धान्य द्यायचं ते ठरवतील आणि मगच काढणी करायची. तोवर कणसाला हात लावायचा नाही. शेजारच्या गावच्या दगडोबाने पाहुण्यांना हुरडा खाऊ घालायला दहा कणसं मोडली, तर त्याला मुखेडला, तालुक्याच्या कचेरीत, नेऊन पंधरा दिवस बसवून ठेवलं होतं. परत आला तेव्हा तो कुणाशी बोलेना.

सिंधुचं गाव मुखेडपासून चार कोसांवर. घरात तिचे वडील शेषेराव आणि आत्या धोंडाबाई. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. शेतातलं बाकी सगळं शेषेरावांनी बघायचं, पण शेतात वरच्या बांधाला लागून तीस पावलं लांब आणि तीस पावलं रुंद असा एक तुकडा होता, तो मात्र आत्याचा. ती बियाण्याची ज्वारी. या तुकड्यातलं बियाणं आत्याने चौदा वर्षं निवडून निवडून जपलं होतं. अर्धी गल्ली पेरणीच्या आधी तिच्या दारात येत असे.

बियाण्याची काढणी वेगळी असते, ते नीट ऐका. एरवी ज्वारीचं ताट मुळासकट उपटतात. एक हिसका, की ताट हातात. कणसाला धक्का बसतो, दोन-चार दाणे झडतात, पण खायच्या ज्वारीत एवढं कुणी मोजत नाही. बियाण्याचं ताट आत्या उपटू देत नसे. ताट उभंच ठेवायचं, डावा तळहात कणसाखाली धरायचा, उजव्या हाताने मान वाकवून कणीस खुडायचं आणि अलगद पदराच्या ओट्यात घ्यायचं. मग चार-चार कणसांच्या जुड्या बांधून चुलीच्या वर, धुरात टांगायच्या, म्हणजे कीड लागत नाही.

आणि खुडायचं केव्हा? आत्याने सिंधुला ते दाखवलं होतं. कणसातला एक दाणा नखाने काढायचा आणि उलटा करायचा. जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे खसखशीएवढा काळा ठिपका दिसला, की दाण्याला ताटाकडून जे मिळायचं ते मिळून झालं. त्यानंतर फार दिवस थांबलं, तर कणीस वाळत जातं, दाण्याची पकड सुटते आणि वाऱ्यानेही दाणे झडू लागतात.

काळा ठिपका दिसून वीस दिवस झाले होते.

"पटवारी मालक," आत्या पटवारी अनंतरावांना म्हणाली होती, "बियाण्याची तेवढी खुडू द्या. खायला न्हाई मागत."

"मला काय कळत न्हाई का, धोंडाबाई? पण हुकूम हाय. तू कणीस मोडलंस तर तुझा भाऊ मुखेडला जाईल अन् त्याच्या मागं मी."

"मग साहेब येणार कवा?"

"आज-उद्या."

हे आज-उद्या बारा दिवस चाललं. रोज सकाळी दिवस उगवायच्या आधी सिंधु या तुकड्याच्या मधोमध असलेल्या मचाणावर जायची. त्या वेळी कणसांवर दहिवर असतं, कणसं ओलसर असतात, त्यामुळे ताटांमधून चालताना दाणे कमी पडतात. तरीसुद्धा ती एक-एक ताट हाताने बाजूला करत, तिरकी होत जायची. एकदा वर चढली, की दिवसभर खाली उतरायची नाही. भाकरीसुद्धा आत्या तशीच जपून आत येऊन काठीला बांधून वर द्यायची.

तेराव्या दिवशी साहेब आले.

सिंधुला आधी घोडा दिसला. मागे पटवारी, त्याच्या मागे आबा, म्हणजे तिचे वडील, आणि शेवटी पट्टा लावलेला शिपाई. साहेब लोक आले की पोरींनी मधेमधे करायचं नाही, असं आत्याने बजावलेलं होतं. म्हणून सिंधु कडब्यावर पालथी पडली आणि छपराच्या सावलीत गप्प राहिली. येतील, बघतील, जातील, असं तिला वाटलं.

साहेबांनी सगळं शेत बांधावरून पाहिलं. मग ते घोड्यावरून उतरले आणि जिथे कणसं सगळ्यांत भरलेली होती तिथे येऊन थांबले. तो आत्याचा तुकडा. या तुकड्यावरून मोजणी करायची असं त्यांनी ठरवलं. शिपायाने चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या, भोवती पांढरा दोरा ताणला आणि प्रत्येक गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापून त्यावर लाकडी शिक्का दाबला. आता दोरा तुटला किंवा माती हलली, तर लगेच कळणार.

"अंदर कोई है क्या?" साहेबांनी विचारलं.

आता पाहा, त्या काळी गावात सगळ्यांना एक सवय होती. साहेबाने काहीही विचारलं, की आधी नाही म्हणायचं. पाहुणे आलेत का? न्हाई. बैल नवे घेतले का? न्हाई. विचारलेलं कळलं नसेल तरी न्हाईच, कारण हो म्हटलं की मागोमाग दुसरा प्रश्न येतो.

"न्हाई सरकार," आबा म्हणाले.

अनंतरावांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तुकड्यात माणूस किंवा जनावर नाही. आत कुणी सापडल्यास चोरी समजण्यात येईल व मालक जबाबदार. आबांनी अंगठा दिला. अंगठ्याची शाई धोतराला पुसता पुसता त्यांची नजर वर गेली, मचाणाकडे, आणि तिथेच अडकली.

"मालक, जरा—"

"आता काय?" अनंतराव दौतीचं झाकण लावत म्हणाले. साहेबांचा एक पाय रिकिबीत होता.

"न्हाई... काय न्हाई."

साहेबांनी सांगितलं, की बाकीची शेतं पाहून दिवस मावळायच्या आत परत येऊ, कणसं मोजू, मग दोरा सोडू आणि पुढे ज्याने त्याने आपली काढणी करावी. बांध दाखवायला त्यांनी आबांना बरोबर घेतलं. शिपाई राखणीला मागे राहिला. जाताना आबांनी एकदाच हात पाठीमागे नेला आणि तळवा जमिनीकडे दाबला. पडून राहा. सिंधुला ते कळलं.

तेव्हा ऊन नुकतंच चढायला लागलं होतं.

शिपायाचं नाव महादेवप्पा. देगलूरकडचा, घरी कानडी बोलणारा माणूस. त्याने बाभळीखाली पटका पसरला आणि तंबाखू मळत बसला. त्याचं तोंड मचाणाकडेच होतं. सिंधुला हलता येईना. कडबा हनुवटीला टोचत होता. पाण्याचं गाडगं खाली मेढीला बांधलेलं, उठून वाकल्याशिवाय हात पोहोचणार नाही असं. पायाला मुंग्या आल्या आणि नंतर पाय आपला आहे की नाही, तेही कळेना. उतरावं म्हटलं तर खाली दाट ताटं, वाळून खडखडीत झालेली. एक पाऊल टाकलं तरी आवाज होणार, आणि मुठीने दाणे पडणार ते वेगळंच.

दुपारी आत्या भाकरी घेऊन आली आणि दोऱ्यापाशी थबकली.

"कोण हाय तुम्ही? अन् हा दोरा कशाचा?"

"सरकारचा," महादेवप्पा म्हणाला.

"सरकारला आमचंच शेत गावलं व्हय?"

"चांगलं हाय म्हणून गावलं, अक्का. वाईट असतं तर कोण बघतंय?"

आत्याची नजर मचाणाकडे गेली. कडब्यातून सिंधुच्या पायाचा अंगठा दिसत होता. तो हळूच आत गेला.

"आत कुणी—"

"आत कुणी न्हाई. मालकानं अंगठा दिलाय तसा. कुणी निघालं तर चोर." महादेवप्पाने तंबाखू तोंडात टाकली. "पाखरं राखायला कुणी ठिवलं न्हाई का?"

"हाय की. भाची हाय. आज घरी हाय, ताप आलाय तिला."

"मग ही भाकरी कुणाची?"

आत्याने भाकरी पुढे केली. "तुमची," ती म्हणाली. "सरकारी माणूस उपाशी बसलंय म्हणलं."

महादेवप्पा खूश झाला. मचाणावरून सिंधुने आपली भाकरी जाताना पाहिली, ठेच्यासकट. तो सावकाश खाणारा माणूस होता.

पाखरं आली ती साधारण तेव्हाच. आधी चिमण्या. आवाज नाही, हालचाल नाही, म्हटल्यावर त्या धीट झाल्या आणि मचाणाजवळच्या कणसांवर बसल्या. सिंधुच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर एक चिमणी दाणे फोडत होती. सिंधुला तिच्या डोळ्याची कड दिसत होती. तिने हळूच फुंकर मारली. चिमणी उडाली, पण उडताना तिच्या पायांचा कणसाला हिसका बसला आणि टपटप पाच-सहा दाणे खाली गेले.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पाखरू चोचीने खातं ते थोडंच. वाळलेल्या कणसावर ते बसतं आणि उठतं, त्यात जास्त झडतं.

सिंधुने फांद्यांच्या फटीतून खाली पाहिलं. आपली काळी जमीन माघ-फाल्गुनात कशी भेगाळते, तुम्ही पाहिली आहे. हात जाईल एवढ्या भेगा. कणीस पडलं तर वेचता येतं, सुटा दाणा भेगेत गेला की गेला. ती फटीतून बघत राहिली. एक दाणा जमिनीवर आपटला, उडाला आणि भेगेत गेला. दुसरा सरळच भेगेत गेला.

मग राघू आले. ते कणसाची मानच कातरतात.

आत्या दोऱ्याच्या कडेने धावत ओरडू लागली. कडेचे राघू उडाले आणि मधल्या कणसांवर जाऊन बसले. तिने ढेकूळ उचललं.

"ए अक्का! आत काय टाकायचं न्हाई."

"ढेकूळ हाय नुसतं."

"दोऱ्याच्या आत समदं सरकारी हाय. ढेकळानं कणीस मोडलं तर?"

"अन् राघू मोडून राहिलेत ते?"

"राघूनं कुठं अंगठा दिलाय?" महादेवप्पा स्वतःच्याच बोलण्यावर हसला, पण आत्याचं तोंड पाहून गप्प झाला. "मी काय करू, अक्का? मला दोरा राखायला सांगितलंय. पाखरांचं कुणी सांगितलं न्हाई."

"पाखरांनी समदं खाल्ल्यावर साहेब काय मोजणार?"

"उरंल ते."

आत्या मटकन बांधावर बसली. ती मचाणाकडे बघत नव्हती, मुद्दामच. पण बोलली ती मोठ्याने, वाऱ्यावर सोडल्यासारखी. "दिवस मावळंपर्यंत कळ काढायची. दुसरं काय."

सिंधुने कळ काढली. ऊन छपराच्या खालून तिरपं आत आलं आणि तिच्या मानेवर पडलं. तिने नाकासमोरचं कणीस निरखलं. सकाळी ते तिच्या ओंजळीत मावलं नसतं. आता त्याची एक बाजू नुसती बोंडांची, पांढुरकी, पोकळ. पलीकडचं तसंच. त्याच्या पलीकडचं निम्मं. साहेबांचा पत्ता नव्हता. आज-उद्या म्हणत बारा दिवस लावणारा माणूस दिवस मावळायच्या आत येईलच, हे कशावरून, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. तेही आवाज न करता रडावं लागलं.

आणि तेवढ्यात भोरड्या आल्या.

भोरड्या तुम्हाला ठाऊक आहेत. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, दिसायला देखण्या. पण त्या दोन-चार नसतात, त्यांचा ढगच असतो. ओढ्याकडून तो ढग उठला, शेतावर एकदा कलला आणि आत्याच्या तुकड्यावर उतरला. एका-एका कणसावर तीन-तीन. सगळी ज्वारी हलायला लागली. दाणे पडण्याचा आवाज आता टपटप राहिला नव्हता, कुणी सूप पाखडावं तसा सलग येत होता.

सिंधु उठून उभी राहिली.

तिने ठरवलं असं काही झालं नाही. पाय बधिर होते, ती झोकांडली, छपराची फांदी धरली आणि "हाऽऽ हुर्रऽऽ!" अशी ओरडली, की सगळा ढग एकदम वर उठला.

महादेवप्पाच्या हातातून तंबाखूची चंची पडली. "यारू? कोण हाय? कोण हाय गं ती?"

"मी सिंधु."

"उतर! आधी खाली उतर!"

"कसं उतरू? ताटं हालली की दाणे झडतात."

"मी येतो आत, थांब!" तो धावला आणि दोऱ्यापाशी येऊन थांबला. एक पाय उचलला, शिक्क्याकडे पाहिलं, पाय खाली ठेवला. दोऱ्याच्या आत जायला त्यालाही परवानगी नव्हती. तो दोऱ्याच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरू लागला.

"मी सकाळपासून हितंच हाय," सिंधु म्हणाली. "मी आत शिरले न्हाई. दोरा मागून आला. एक कणीससुदिक मोडलं न्हाई मी, बघा माझे हात."

"मला कळतंय गं, बाळ. कागदाला कळत न्हाई. कागदावर तुझ्या बापाचा अंगठा हाय." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "अन् राखणीला मी होतो. मला विचारतील, बसून काय करत होतास म्हणून."

त्याच वेळी ओढ्याच्या चढावर घोड्याचं डोकं दिसलं. मागून आबा येत होते, मान खाली घालून.

महादेवप्पाने दोन्ही हात जोडले, त्या एवढ्याशा मुलीपुढे. "झोप, माझी आई. आहे तशी झोप. साहेब मोजतील, जातील, मग तू उतर. तू हालली न्हाईस अन् मी बघितलं न्हाई. तुझा बाप बी सुटला, मी बी सुटलो."

सिंधुने आत्याकडे पाहिलं. झोप की उभी राहा, आत्याने काहीतरी सांगावं असं तिला वाटत होतं. आत्याने तोंड उघडलं. पण तिने एकदा चढावरच्या भावाकडे पाहिलं, एकदा कणसांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

वर भोरड्यांनी बाभळींवरून एक मोठी गिरकी घेतली होती आणि आता त्या परत वळत होत्या. साहेब येणार, घोड्यावरून उतरणार, पाणी पिणार, कागद काढायला लावणार. भोरड्यांना तेवढा वेळ लागत नाही. आबांना तोंड होतं, साहेबांनी विचारलं तर ते सांगू शकत होते, आणि तीही सांगणार होती, महादेवप्पाला सांगितलं तेच. पण खाली भेगेत गेलेले दाणे ती कुणाला मागणार होती?

चढावर आबांनी मान वर केली. तिला उभी पाहून ते जागच्या जागी थांबले आणि त्यांचा हात पुन्हा तसाच खाली दाबला गेला. पडून राहा.

सिंधुने डोक्यावरच्या छपरातून कडब्याची एक पेंढी ओढून काढली. ती दोन्ही हातांनी उंच धरली, डोळे पुसले नाहीत, आणि साहेबांनी घोडा थांबवून मान वर केली तरीही, भोरड्यांचा ढग ओढ्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत ती पेंढी नाचवत आणि ओरडत राहिली.